जावा फर्नच्या पानांखाली काळे ठिपके आलेत, कापून टाकू का?

निळी_गप्पी (नागपूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आमच्याकडे माशांची दोन फुटी टाकी आहे (2 बाय 1 बाय 1), त्यात गप्पी, थोड्या मॉली आणि एक सकर (शेवाळ खरवडणारा मासा). स्पंज फिल्टर, साधा पांढरा एलईडी, झाडांसाठीचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस वगैरे काही नाही आणि घ्यायचाही नाही, घरात लहान पोरं आहेत, सिलिंडरची कटकट नको. दिवाळीच्या सुमारास जावा फर्न आणून ड्रिफ्टवूडला दोऱ्याने बांधलं होतं, छान जीव धरला होता त्याने, मुळांनी लाकूड घट्ट पकडलंय.

आता मात्र काहीतरी बिघडलंय असं वाटतंय. जुन्या पानांच्या खालच्या बाजूला काळपट तपकिरी ठिपके आलेत, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. दोन-तीन पानांच्या टोकाला केसाळ काळं काहीतरी उगवलंय. नवीन पानांची टोकं पारदर्शक, जवळजवळ काचेसारखी दिसतात. आणि काही जुन्या पानांवर मोठे काळे डाग पडून मधे भोकं पडलीयेत. दुकानदाराला फोटो दाखवला तर तो म्हणाला फंगस आहे, आणि एक औषधाची बाटली दिली, टाकी निळी होते म्हणे. अजून टाकली नाहीये. सासूबाई म्हणतात उपटून टाक आणि प्लास्टिकची लाव, पण मला खरी झाडंच ठेवायचीत हो.

पाणी कॉर्पोरेशनचं, रात्रभर बादलीत ठेवून मग टाकते. सध्या दुपारी टाकीचं तापमान 32-33 पर्यंत जातं. लाईट सकाळी 8 ला लावते, रात्री 10 ला बंद. काय करू? सगळी पानं कापू का?

ओढ्याकाठी (पुणे)

ताई, पहिली गोष्ट, ती बाटली उघडू नका. झाडाला फंगस वगैरे काही झालेलं नाही आणि टाकी निळी करणारी जी औषधं असतात ती बहुतेक मिथिलीन ब्लूची, त्याने तुमच्या स्पंजमधले चांगले बॅक्टेरिया मरतात, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो आणि झाडाच्या नादात मासे जातात. कात्रीपण खाली ठेवा जरा.

तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्यात आणि त्यातली एकच काळजीची आहे. एकेक बघू.

पानाखालचे ठिपके. नेच्याला म्हणजे फर्नला फूल नसतं, बी नसतं, ते बीजाणूंवर चालतं, आणि बीजाणूंच्या पुड्या पानाच्या पाठीवर येतात. सह्याद्रीत पावसाळ्यात कुठल्याही नेच्याचं पान उलटं करून बघा, तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील, तेच हे. ओळखायचं कसं तर ठिपके फक्त खालच्या बाजूला असतात, थोडे उंचावलेले, शिरांच्या मधे मधे बऱ्यापैकी शिस्तीत, आणि पान बाकी हिरवं टणक असतं. तुम्ही खरखरीत लिहिलंय म्हणजे तेच असणार. हे निरोगी वयात आलेल्या झाडाचं लक्षण आहे.

टोकाचं केसाळ काळं. इथे दोन शक्यता. एक, जावा फर्नला पानाच्या टोकावर, कडेवर पिल्लं येतात, आधी तपकिरी-काळ्या केसांसारखी मुळं निघतात आणि मग त्यातून इवली इवली पानं. दोन, काळं दाढीचं शेवाळ. फरक बघायला एक पान खुडून पांढऱ्या ताटलीत पाण्यात ठेवा. मुळं असतील तर सगळी एका ठिपक्यातून निघालेली दिसतात आणि बुडाशी हिरवा कोंब असतो, नसला तर आठवडाभरात येतो. शेवाळ असेल तर पानाच्या कडेला झुपके झुपके, आणि चिमटीने ओढलं तरी सहज निघत नाही. खात्री करायची तर खुडलेला तुकडा थोड्या स्पिरीटमध्ये बुडवा, दाढीचं शेवाळ असेल तर लालसर गुलाबी पडतं, कारण ते मुळात लाल शेवाळांच्या जातीतलं आहे, वरून काळं दिसतं एवढंच.

नवीन पानांची पारदर्शक टोकं, हे एकदम नॉर्मल. कोवळं पान वाढत असताना टोक तसंच असतं, पान पूर्ण झालं की भरतं. उलट टोकं पारदर्शक आहेत म्हणजे झाड वाढतंय.

राहिली भोकं आणि दोन्ही बाजूंनी दिसणारे काळे डाग. हे खरं दुखणं. पान उजेडासमोर धरा, डाग आरपार दिसला आणि कडेने पान काचेसारखं झालं असेल तर ते पान मरतंय. कारणं दोन असू शकतात, पोटॅश (पोटॅशियम) कमी किंवा गरमी जास्त, आणि तुमच्याकडे मला वाटतं दोन्ही आहेत. जावा फर्न हे मूळचं सावलीतल्या ओढ्याच्या दगडांवर वाढणारं झाड, साधारण 20 ते 28 मध्ये खूश असतं, 30 च्या वर रोज गेलं की जुनी पानं आधी सोडतं.

आणि लाईट 14 तास?? एवढा कशाला हो! 7 तास पुरे. टायमरवाला प्लग मिळतो तो लावा. ज्या झाडाची वाढच महिन्याला एखाद-दुसरं पान अशी आहे त्याला 14 तास उजेड दिला तर तो उजेड वापरणार कोण, शेवाळ.

कापायचं असेल तर फक्त भोकं पडलेली पानं, बुडापासून, खोडाला धक्का न लावता. ठिपकेवाली ठेवा.

द्राक्षबाग_आणि_मासे (तासगाव)

वरच्या दादांनी पोटॅशचं बरोबर सांगितलंय, मी त्याच्यात भर घालतो कारण आमचं दिवसभर कामच ते आहे.

पोटॅश झाडात फिरतं. नव्या पानाला कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून कमतरता कायम जुन्या पानावर आधी दिसते. द्राक्षात जुन्या पानाच्या कडा करपतात, फर्नमध्ये काळा डाग पडून भोक पडतं, हिशोब तोच. माशांच्या विष्ठेतून नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) झाडाला भरपूर मिळतं पण पोटॅश त्या मानाने कमी. म्हणून मासे भरपूर असलेल्या टाकीतपण फर्नला भोकं पडतात आणि माणूस म्हणतो खत तर भरपूर आहे.

महागडं लिक्विड घ्यायची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात 0:0:50 मागा (आकडे नत्र, स्फुरद, पोटॅश या क्रमाने असतात), म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, पाण्यात विरघळणारं घ्या. 10 ग्रॅम अर्ध्या लिटर पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात घाला, सावकाश विरघळतं, बाटली हलवत राहा. तुमच्या टाकीत खडी-लाकूड धरून 50 लिटर पाणी असेल, त्याला आठवड्यातून एकदा पाणी बदलल्यावर 25 मिली. म्हणजे अर्धा ग्रॅम, साधारण 4 पीपीएम (लिटरला 4 मिलिग्रॅम) पोटॅशियम झालं. एवढ्याने माशाला काही होत नाही.

पण एक हात जोडून सांगतो, 19:19:19 चुकूनसुद्धा टाकू नका. 12:61:0 पण नको. 19:19:19 मधे युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं, 12:61 तर अमोनियम फॉस्फेटच आहे, टाकीत गेलं की मासे वर येऊन तोंड उघडून मरतात. कृषी केंद्रवाला "मॅडम झाडालाच ना, मग हे घ्या सगळं असतं यात" म्हणून हातात देईल, घेऊ नका. पिशवीवर पहिला आकडा 0, दुसरा 0, हे स्वतः वाचून घ्या.

जुनी भोकं बुजणार नाहीत, गेलेलं पान गेलंच. नवीन पानं बघा, ती जुनी झाल्यावर साबूत राहिली तर समजायचं औषध लागू पडलं. दोन महिने तरी धीर धरा, फर्न आहे, मेथी नाही.

डोंबिवली_फास्ट_फिश

गरमीवर कोणी बोललं नाही नीट म्हणून लिहितो. नागपूरला तुमच्याकडे हवा कोरडी, म्हणजे तुमचं काम सोपं आहे. टाकीचं झाकण काढा, वर जाळी टाका (मॉली उड्या मारतात) आणि एक छोटा टेबल फॅन किंवा कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारा. बाष्पीभवनाने 2 ते 4 डिग्री आरामात उतरतं. आमच्याकडे डोंबिवलीत मे महिन्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की पंख्याचा उपयोग निम्मा पण होत नाही, तुम्हाला होईल.

पाणी भराभर कमी होईल, रोज भरावं लागेल. नुसतं उडालेलं पाणी भरताना शक्यतो आरओचं भरा, कारण क्षार टाकीतच राहतात, उडतं ते शुद्ध पाणी, आणि तुम्ही वरून परत क्षारवालं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात पाणी जड होत जातं. आठवड्याचा 25-30 टक्के बदल मात्र नेहमीच्याच पाण्याने.

बर्फाच्या बाटल्या टाकू नका प्लीज. दुपारी एकदम 5 डिग्री खाली आणि संध्याकाळी परत वर, त्याने गप्पींना पांढरे ठिपके येतात आणि मग खरंच औषध घालायची वेळ येते. आणि एअर पंप उन्हाळ्यात रात्रीपण चालू ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि अंधारात झाडं पण ऑक्सिजन घेतात, देत नाहीत.

अवांतर: सकर दोन फुटी टाकीत मोठा झाल्यावर कुठे ठेवणार? तो फुटाच्या वर जातो. रुंद पानं खरवडतो पण. आत्तापासून मोठ्या टाकीवालं कोणी बघून ठेवा, तळ्यात-नदीत सोडू नका.

निळी_गप्पी (नागपूर)

बापरे, एवढी सगळ्यांनी उत्तरं दिलीत, खूप खूप आभार!!

ताटलीतला प्रयोग केला. केसाळ होतं त्यातलं एक तर पिल्लूच निघालं, भिंगातून बघितलं तर मुळांच्या झुपक्याच्या बुडाशी दोन बारीक हिरवी पानं, नखाएवढी सुद्धा नाहीत, माझी मुलगी तर ताटली सोडायलाच तयार नाही. दुसऱ्या पानावरचं मात्र स्पिरीटमध्ये गुलाबी झालं, म्हणजे दाढीचं शेवाळ. ठिपके पण नुसते खालच्या बाजूलाच आहेत आणि शिरांच्या मधेच, वरून पान स्वच्छ. पंखा लावलाय, 29 वर आलंय. टायमर उद्या आणते.

आता दोन प्रश्न. शेवाळवाल्या पानांचं काय करू? आणि लाकडाची एक बाजू मोकळी आहे तिथे अजून कुठलं असंच कमी कटकटीचं फर्न लावता येईल? दुकानात "अ‍ॅक्वा फर्न" म्हणून एक गडद हिरवं झुपकेदार मिळतंय, फार सुंदर दिसतं, घेऊ का?

ओढ्याकाठी (पुणे)

ते अ‍ॅक्वा फर्न घेऊ नका ताई. जे वर्णन केलंत ते बहुतेक जमिनीवरचं नेच्याचं झाड आहे, ओलाव्यातलं, पण पाण्याखालचं नाही. दोन-तीन महिने जसंच्या तसं दिसतं, एकही नवीन पान काढत नाही, आणि मग कुजतं. दुकानांत पाण्याखाली ठेवलेली निम्मी झाडं अशीच असतात, लकी बांबू, सिंगोनियम, नर्सरीतलं बोस्टन फर्न सुद्धा. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं, त्याच्याकडे होलसेलवाल्याकडून तसंच येतं. नाव विचारून घरी येऊन शोधा आणि मगच घ्या.

मोकळ्या बाजूला जावा फर्नचीच दुसरी जात लावा. नॅरो लीफची पानं अरुंद, ट्रायडंटची फाटे फुटलेली, विंडेलोव्हच्या टोकाला झालरीसारखी नक्षी असते, ते नाव डेन्मार्कच्या ट्रॉपिका नर्सरीच्या संस्थापकांवरून पडलंय. सगळ्यांची निगा सारखीच. बोल्बिटिस म्हणून आफ्रिकेतलं फर्न आहे, त्याची पारदर्शक गडद हिरवी पानं मला जावापेक्षाही आवडतात, पण त्याला वाहतं पाणी लागतं आणि गरमी अजून कमी सोसते. स्पंज फिल्टर आणि नागपूरचा मे म्हटल्यावर तुम्हाला नाही सांगणार.

लावताना एकच गोष्ट. ते आडवं जाड खोड असतं ना, रायझोम, आल्याच्या कुडीसारखं, ते खडीत वाळूत पुरायचं नाही. त्याखालची मुळं गेली तरी चालतील, रायझोम उघडा हवा. पुरला की महिन्याभरात मऊ पडतो, काळा होतो, आणि मग सगळी पानं एकदम सुटून वर तरंगतात. घेतानाच दाबून बघा, कडक असला की घ्या, चिवट मऊ असला तर पानं कितीही हिरवी असोत, सोडून द्या.

शेवाळवाली पानं थोडीच असतील तर कापून टाका. जास्त असतील तर पाणी बदलताना लाकूड बाहेर काढा, मेडिकलमधलं 3 टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त शेवाळावर लावा, दोन-तीन मिनिटांनी साध्या पाण्यात धुवून परत आत. शेवाळ आधी लाल मग पांढरं पडतं, गप्पी-मॉली खाऊन टाकतात. लाईट कमी केलाय म्हणजे परत यायचं प्रमाण घटेलच.

डोंबिवली_फास्ट_फिश

दोऱ्यापेक्षा फेविक्विक बरं. लाकूड टिश्यूने कोरडं करायचं, एक थेंब, रायझोम अर्धा मिनिट दाबून धरायचा, सरळ पाण्यात. वाळलेल्या गोंदाने माशांना काही होत नाही. थोडा पांढरा डाग दिसतो तो शेवाळाने झाकला जातो.

ओढ्याकाठी (पुणे)

दगडाला गोंद ठीक आहे, पण लाकडाला मी तरी सुती दोराच वापरतो. गोंदाचा थेंब मोठा पडला की रायझोमची तेवढी बाजू मरते आणि नवशिक्या माणसाच्या हातून थेंब मोठाच पडतो. सुती दोरा काही आठवड्यांत आपोआप कुजतो, तोवर मुळांनी धरलेलं असतं. नायलॉनचा वापरला तर मात्र तो आठवणीने कापावा लागतो, नाहीतर रायझोमला काचतो.

भातखाचर (चिपळूण)

वॉटर स्प्राइटचं नाव कोणीच कसं घेतलं नाही! ते पण फर्नच आहे, सेरॅटोप्टेरिस. आमच्याकडे पावसाळ्यानंतर भातखाचरांच्या कडेला, पाटाच्या चिखलात आपसूक उगवतं, कोथिंबिरीची जाडी पानं वाटतील असं. टाकीत नुसतं तरंगत सोडलं तरी चालतं, दोऱ्याची गरज नाही गोंदाची नाही, वाढ एवढी जोरात की दर आठवड्याला मूठभर काढावं लागतं. फायदा असा की ते पाण्यातलं नायट्रेट झपाझप ओढतं, म्हणजे शेवाळाला खायला कमी उरतं, वरून सावली पण पडते आणि जावा फर्नला सावलीच हवी असते. मॉलीची पिल्लं त्याच्या मुळांत लपतात, मोठ्या माशांपासून वाचतात. गोल्डफिश असेल तर मात्र दोन दिवसांत फस्त करतो, त्याउलट जावा फर्नला गोल्डफिश सहसा तोंड लावत नाही.

फक्त शेतातलं उचलून थेट टाकीत टाकू नका. तणनाशक, कीटकनाशक मारलेलं असतं, जळवा येतात, गोगलगायींची अंडी येतात. मी आणतो ते आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवतो, धुतो, मग वेगळ्या टबमध्ये दोन-तीन आठवडे ठेवतो आणि पाणी बदलत राहतो. त्यात जुनी पानं गळून जातात, टोकाचं एखादं पिल्लू वाचलं तरी पुढे पसरतं.

द्राक्षबाग_आणि_मासे (तासगाव)

अझोला पण फर्नच बरं का, गाईला कोंबड्यांना घालतो तोच. पण टाकीत टिकत नाही सहसा, त्याला ऊन आणि स्थिर पाणी लागतं, एअर पंपाच्या बुडबुड्यांनी भिजून मरतो आणि मेलेला स्पंजमध्ये अडकतो. बाहेरच्या सिमेंटच्या हौदात ठेवा हवं तर.

ओढ्याकाठी (पुणे)

तरंगणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, साल्विनिया पण तरंगणारं फर्न आहे, दुकानात स्वस्त मिळतं, दिसतंही गोड. टाकीत ठेवायला हरकत नाही. पण जास्त झालेलं कुंडीत खत म्हणून टाका किंवा उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. नाल्यात, तळ्यात, विसर्जनाच्या हौदात कधीच नाही. केरळात मूळच्या ब्राझीलच्या साल्विनियाने कालवे आणि भातशेतं झाकून टाकली होती, शेवटी त्याला खाणारा, मूळचा ब्राझीलचाच भुंगा आणून सोडावा लागला. मुळा-मुठेत जलपर्णी काय करते ते आम्ही दरवर्षी बघतोय, त्यात अजून एकाची भर नको. वॉटर स्प्राइटचंही तेच.

निळी_गप्पी (नागपूर)

ठरलं मग, मोकळ्या बाजूला ट्रायडंट मिळालं तर ट्रायडंट, नाहीतर जावाचीच पिल्लं, आणि वर थोडं वॉटर स्प्राइट. भातखाचर दादा, कुरियरने पाठवता येईल का हो, खर्च मी देते. 0:0:50 मिळालं, दुकानदाराने खरंच 19:19:19 पुढे केलं होतं, मी पिशवी वाचून परत दिली.

पिल्लू पानावरून कधी काढायचं ते सांगा, मुलगी रोज विचारतेय.

भातखाचर (चिपळूण)

ताई, आत्ता एप्रिलमध्ये कुरियरच्या गाडीत शिजून जाईल ते. जूनमध्ये पाऊस लागला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओल्या कागदात गुंडाळून पाठवतो, खर्चाचं बघू नंतर.

ओढ्याकाठी (पुणे)

पिल्लाला चार-पाच पानं आणि इंचभर मुळं झाली की हलक्या हाताने ओढायचं, तयार असेल तर आपणहून सुटतं, नाही सुटलं तर अजून ठेवायचं. तोवर आईचं पान पिवळं पडलं, फाटलं तरी कापू नका, पिल्लू त्याच्यावरच पोसलं जातंय. सुटल्यावर लाकडाच्या खाचेत नुसतं अडकवलं तरी पुरतं, एवढ्या लहान रायझोमला गोंद नको. पहिले काही महिने फारसं वाढताना दिसणार नाही, मुलीला तसं आधीच सांगून ठेवा. आणि ताटलीत ठेवलं असेल तर आजच परत टाकीत सोडा, ताटलीतलं पाणी दुपारी टाकीपेक्षा जास्त तापतं.